मागची बैठक

१

नर्मदा थिएटरात भूत आहे, हे खामगावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुठल्याशा नाटक कंपनीबरोबर आलेली एक नटी म्हणे प्रेमात फसली, वरच्या रंगपटाच्या खोलीत तिनं विष घेतलं, आणि तेव्हापासून जिन्यावर तिचे चाळ वाजतात. थिएटर ट्रस्टचे सचिव शंकरराव ही गोष्ट आल्यागेल्याला चहाबरोबर देतात. सांगताना त्यांचा चेहरा असा खुलतो की भूत त्यांच्या नात्यातलंच असावं असं वाटतं. आणि का खुलू नये? भूत असावं तर असं. देखणं, पायात चाळ, आणि कोणाकडे काही न मागणारं.

मी शाळेत इतिहास शिकवते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. बाबासाहेबांच्या फोटोखाली अभ्यास करून मोठ्या झालेल्या पोरीला तो शोभलाही नसता. त्या नटीवर माझा आजही विश्वास नाही. त्यापुढचं मात्र विचारू नका.

थिएटरला शंभर वर्षं होत आली होती. कापसाच्या कोण्या दलालानं आईच्या नावानं बांधलेलं. आधी नाटकं झाली, मग स्टेजवरच पांढरा पडदा ताणून सिनेमे लागले, मग सगळंच बंद पडून आत सरकीची पोती राहिली. आता शताब्दी म्हणून रंगरंगोटी झाली, आणि महोत्सवाचा पहिला प्रयोग आमच्या हौशी मंडळाला मिळाला. नाटकात मुख्य भूमिका माझी. खोटं कशाला बोलू, माझे पाय जमिनीवर नव्हते.

मला एकच गोष्ट हवी होती. बाबांनी पहिल्या रांगेत बसून मला पाहावं.

माझे वडील, पुंजाजी, ऐंशीच्या घरात होते. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहून त्यांनी मला शिकवलं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. जन्म सगळा खामगावात गेला, पण नर्मदाच्या मोठ्या दरवाजातून ते कधी आत शिरले नव्हते. मी विषय काढला की दोनदा घसा खाकरायचे. बोलण्याआधी खाकरायची सवयच होती त्यांना. पहिल्यांदा हळू, दुसऱ्यांदा दार ठोठावल्यासारखं.

"पाहू," म्हणायचे, आणि उठून अंगणात जायचे.

२

तालमी शाळा सुटल्यावर असत. मी स्कूटी लावायची, चौकातल्या टपरीवर अर्धा चहा प्यायची आणि आत जायची. दिग्दर्शक निवृत्ती सर, रिटायर्ड प्राध्यापक, आधीच येऊन पंख्याखालची खुर्ची धरून बसलेले असत. चौकीदार गोविंदा मागच्या गल्लीत जाऊन मागच्या दाराची कडी बाहेरून लावून येई. मग तालीम सुरू.

"बाहेरून काऊन लावतो बा कडी?" मी एकदा विचारलं.

"पयलेपासून तसंच हाय म्याडम. कडी बाहेरूनच हाय त्या दाराले."

ज्याला विचारायचं त्याचंच उत्तर "पयलेपासून" असलं की माणूस गप्प बसतो.

सरांनी स्टेजवर मधोमध एक मोठा पांढरा पडदा टांगून घेतला होता. त्याच्या पुढे आमचं नाटक. मागेही स्टेज पुढच्याइतकंच लांब पसरलेलं, अंधारं, आणि टोकाला ते बुटकं दार. एवढी मागची जागा कशासाठी सोडली असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. सामानसुमानाला असेल, असं धरून चालले.

शेवटच्या प्रवेशात माझ्या हातात कंदील असे. नवरा परत येणार नाही हे त्या बाईला कळतं, ती प्रेक्षकांकडे पाठ करते, पडद्यापाशी जाऊन उभी राहते आणि रडते. शब्द एकही नाही.

"रडणं पाठीत दिसलं पाहिजे, मॅडम," सर म्हणत. "चेहरा कोणी बघणार नाही."

चेहरा कोणी बघणार नाही म्हटल्यावर माणूस काय करतो? मी पाठ थरथरवत असे आणि तोंडात सुपारी चघळत असे. एके दिवशी कंटाळा आला म्हणून मी पडद्याकडे पाहून जीभ काढली, डोळे तिरळे केले, वर्गातली पोरं करतात तसं.

पडद्यामागे कोणीतरी खुदकन हसलं. लहान पोर. तोंडावर हात दाबून हसावं तसं.

३

मी पडद्याची कड उचलून मागे गेले. कोणी नव्हतं. सरकीचा जुना वास, भिंतीला लावलेल्या फळ्या, आणि बंद दार. गल्लीतली पोरं असतील, मी स्वतःला सांगितलं. आवाज फटीतून येतो. पण गल्लीतल्या पोराला माझी जीभ कशी दिसली, हे मी स्वतःला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम चेहरा कोरा ठेवला. मागून काही नाही. तिसऱ्या दिवशी तोंड वाकडं केलं. खुदकन. मी घाबरले, हे खरंच. पण त्याहून जास्त मला राग आला. कोणीतरी चावटपणा करतंय, आणि तो पकडता येत नाहीये.

मग एकदा शाळेत हेडमास्तरांशी वाजलं होतं, डोकं भणभणलेलं होतं, आणि त्या प्रवेशात मला खरंच रडू आलं. पाठबिठ विसरून मी पडद्याकडे तोंड करून रडले. मागून एक नाही, पुष्कळ लोकांनी एकदम श्वास सोडला. बायकांचा "अगं माय व" असा हलका सूर त्यात होता. समोर अंधारात निवृत्ती सर मोबाइल पाहत होते.

"मॅडम, तुम्ही पाठीनं रडायचं सोडून तोंडानं रडताय," ते म्हणाले. "प्रेक्षक इकडे आहेत."

मी हात टेकवला तेव्हा पडदा ओला लागला.

पडद्यावर डाग होते, हातानं पाणी फेकलं की उठतात तसे, मागच्या बाजूनं आलेले. सर म्हणाले, रंगवाल्यानं काही सांडलं असेल. दुसऱ्या दिवशी म्हणाले, वरून गळत असेल. वर पत्रा नवा कोरा, दिवस कडकडीत उन्हाचे, आणि फरशीवर थेंब नाही. प्राध्यापकाला कारण लागतं, खरं असो की खोटं. मलाही लागत होतंच की. मी गोविंदाला विचारलं, तू पाणी मारतोस का पडद्यावर? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले.

४

घरी सांगताना मी थट्टेनंच सांगितलं. भाकरी वाढता वाढता म्हटलं, "बाबा, नर्मदातलं भूत लय शिस्तीचं आहे. रोज पडदा धुऊन ठेवते."

बाबांचा घास हातातच राहिला. घसा खाकरला. एकदा. दोनदा.

"ओला होते का पडदा? मागून?"

"हो. तुमाले कसं माहीत?"

त्यांनी हात धुतले, टीव्ही लावला. जुना सिनेमा चालू होता. तलवारी खणखणत होत्या. बाबा पाहत राहिले आणि नेहमीसारखं पुटपुटले, "उलटं दाखवून राह्यले लेकाचे."

त्यांचं हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. जुने नट त्यांना सगळे डावखुरे आठवायचे. नायिकेचा तीळ मी उजव्या गालावर आहे म्हटलं की ते डाव्यावर म्हणत आणि भांडत. अक्षरंसुद्धा ते आधी उलटी शिकले होते. सिनेमाची पाटी त्यांना उलटी चटकन वाचता यायची, सुलटी वाचायला मास्तरांचा मार खावा लागला, असं सांगून आम्हाला हसवायचे. आई म्हणायची, तुमचं डोकंच उलटं हाय. आम्ही सगळे हसायचो. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे आज मला कोणी सांगावं.

"आमी मागून पायलं समदं," बाबा टीव्हीकडे पाहतच बोलले. "पडद्याच्या मागून. आपल्या लोकाईची बैठक मागं होती. त्या बुटक्या दारातून जायाचं, खाली बसायचं. मागून चित्र उलटं दिसे, अन् पडदा सुकला का दिसेच नाई. मंग पानी मारा लागे. ओला केला का साफ दिसे. ते काम आमचं पोट्ट्याईचं."

मी इतिहास शिकवते. वतनं, पाणवठे, देऊळ प्रवेश, सगळं खडूनं फळ्यावर लिहिते. माझ्या बापानं सिनेमा कुठून पाहिला हे मला माहीत नव्हतं. आमच्या हातचं पाणी माणसांना चालत नव्हतं, पडद्याला चालत होतं.

५

उरलेलं त्यांनी दोन दिवसांनी सांगितलं, अंगणात, बाजेवर बसून. मी विचारलं नव्हतं.

उन्हाळा होता. दीक्षेच्या आधीची गोष्ट. शिवाशिव बंद करणारा कायदा झाला होता, पण कायद्याला मागच्या गल्लीपर्यंत यायला वेळ लागतो. बाबांना त्यांची थोरली बहीण सिंधू घेऊन गेली होती. थोरली म्हणजे तीही पोरच. खेळ अर्ध्यावर आला, पडदा सुकत चालला, लोक ओरडायला लागले, पाणी मारा बे, पानी. बालदीतलं पाणी संपलं होतं.

"सिंधूबाई मने, जा, घेऊन ये, तुही जागा मी धरून ठेवतो. मी बालदी घेऊन भायेर आलो. नळ गल्लीत होता. बालदी भरली, पलटलो, तं दाराले कडी. राखणदारानं लावली. कोनी फुकट घुसू नये मनून तो लावतच जाय."

बाबा थांबले. घसा खाकरला नाही.

"समोरून कोनंतरी बिडी फेकली. सुकला होता ना पडदा. पेटला. पुढचे लोक पुढच्या दरवाजातून पयाले. मागच्याईनं कुठी जावं? दोन्ही बाजूले फळ्या ठोकल्या होत्या, आमी तिकडे जाऊ नये मनून. अन् दाराले कडी. मी तिथीसाच उभा होतो, माय. बालदी घेऊन. माहा हात पुरे ना कडीले."

"कोणी आलं नाही?"

"पुढं लय आवाज होता. मागचा कोनाले ऐकू येईन?"

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांचा हात हातात घेतला, तर तो मूठ वळलेला, बालदीची कडी धरल्यासारखा.

"पानी असतं तं पडदा पेटला नसता," ते म्हणाले. "थे अजून माह्या पान्यासाठीच बसून हायेत."

मी म्हटलं, असं काही नसतं बाबा. शिक्षिकेच्या आवाजात म्हटलं. त्यांनी मान हलवली, लहान पोराची समजूत काढावी तशी.

"मी येतो तुहं नाटक पाहाले. पुढं बसतो. मातर एक काम कर. त्या दाराची कडी काढून टाक."

६

शंकररावांनी माझं ऐकून घेतलं. चहा मागवला. त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला, जसं मी त्यांच्या घरात चपला घालून शिरले होते.

"मॅडम, आग लागली होती हे खरं आहे. आम्हीही ऐकलं आहे. पण देवाच्या कृपेनं कोणी दगावलं नाही. नर्मदामध्ये आजवर कोणीच दगावलं नाही."

"ती नटी?"

"तिची गोष्ट वेगळी," ते पटकन म्हणाले. "ती दंतकथा आहे. लोकांना आवडते."

विष पिऊन मेलेली, कधी झालीच नाही अशी बाई चालते. जळून मेलेली खरी माणसं चालत नाहीत. मी हे तोंडावर बोलले. त्यांनी साखर ढवळली.

"जुन्या गोष्टी उकरून काय मिळतं? आता कोणी पाळतं का ते? तुम्ही स्वतः मुख्य भूमिका करताय आमच्या थिएटरात."

आमच्या. ओवाळणी टाकल्यासारखं म्हणाले.

कडी काढायला त्यांनी नकार दिला. म्हणे शंभर वर्षांची कडी आहे, ऐतिहासिक वस्तू. शेवटी एवढं कबूल केलं की प्रयोगाच्या दिवशी ती कोणी लावणार नाही. गोविंदाला माझ्यासमोर बोलावून सांगितलं. गोविंदानं मान डोलावली. मी घरी येऊन बाबांना म्हटलं, झालं काम. त्यांनी पेटीतून पांढरा सदरा काढला आणि स्वतः बसून इस्त्री केली.

७

प्रयोग दुपारचा होता. बाबांना मी स्वतः मोठ्या दरवाजातून आत नेलं. उंबऱ्यापाशी ते थबकले, खाली पाहिलं, आणि चप्पल काढायला लागले.

"बाबा, देऊळ नाही हे."

"हाव, हाव," म्हणत त्यांनी परत चप्पल घातली, आणि लाजून हसले. पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. खुर्चीच्या दोन्ही हातांवर त्यांनी हात ठेवले. मान वर करून छताची नक्षी पाहिली. मला आयुष्यात कधी एवढं बरं वाटलं नव्हतं. तेवढ्यात मला मेकअपला बोलावलं.

पहिल्या प्रवेशात मी स्टेजवर आले तेव्हा त्या खुर्चीत कोणी जाडसर पाहुणे बसले होते, गळ्यात हार, मांडीवर नारळ. बाबा कुठं दिसेनात. मी संवाद बोलत होते आणि डोळ्यांनी रांगा चाळत होते. दुसरी, तिसरी, पार भिंतीपर्यंत. नाहीत. मागून कळलं ते असं: पाहुणे उशिरा आले, खुर्ची कमी पडली, आणि बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता बाबांपाशी जाऊन अदबीनं म्हणाला, "आजोबा, जरा मागं बसता का?" बाबा लगेच उठले. त्यांनी कोणाशी वाद घातला नाही. दरवाजातून बाहेर पडले आणि इमारतीला वळसा घालून गेले.

शेवटचा प्रवेश आला. कंदील घेऊन मी पाठ वळवली.

पडदा कोरडा होता. मी समोर उभी राहिले. रडू येत नव्हतं, राग येत होता. पाहुण्याच्या हाराचा, नारळाचा, शंकररावांच्या चहाचा. आणि मग मागून सपकन पाणी आलं. ओंजळभर. पडद्यावर डाग उठला आणि पसरला. परत सपकन. जिथं पाणी लागलं तिथं कापड पातळ झालं आणि माझ्या कंदिलाचा उजेड पलीकडे गेला.

खाली गुडघे होते. गुडघ्याला गुडघा लावून बसलेली माणसं, दाटीवाटीनं, मांडीवर पोरं. त्यांच्या कडेला एक जण उभा, पांढऱ्या सदऱ्यातला, हात मागे नेऊन पाणी मारणारा. चेहरे मला नीट दिसले नाहीत आणि दिसले नाहीत तेच बरं. पण ते सगळे माझ्याकडे होते. एवढं मन लावून मला कधी कोणी पाहिलं नाही. मला रडू कोसळलं. त्यांच्यातल्या बायकाही रडल्या, मी ऐकलं.

मग दिवे गेले. दर्शनी पडदा पडला, आणि समोर टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्यांत, पलीकडे, मागचं दार हलल्याचा आवाज आला. आतून कोणी ढकलावं तसा. एकदा, मग धडाधड.

मी वळले, तर निवृत्ती सरांनी माझा हात घट्ट धरला. अभिवादन. दर्शनी पडदा परत वर गेला. "हसा, मॅडम," ते दातांतून म्हणाले. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते, पाहुणे हार सांभाळत उठले होते, आणि मागं दार धडधडत होतं. एकाही माणसानं मान वळवली नाही. मी वाकून नमस्कार केला. कोणापुढे केला ते मला माहीत नाही.

८

हात सुटला तशी मी पडद्याची कड उचलून मागे गेले. धडधड थांबली होती.

फरशी सगळी ओली होती. कंदिलाच्या उजेडात चकाकत होती. आणि त्या ओल्या फरशीवर कोरड्या जागा होत्या. गोल, बसल्या माणसाएवढ्या, एकीला एक लागून, रांगांनी. पडद्यापासून पार दारापर्यंत.

पहिल्या रांगेच्या टोकाला बाबा बसले होते. मांडी घालून, पाठ ताठ, तोंड पडद्याकडे. शेजारी गल्लीतली कोणाची तरी प्लास्टिकची बालदी, रिकामी. सदऱ्याच्या बाह्या भिजलेल्या. डोळे उघडे होते आणि चेहऱ्यावर, काय सांगू, खेळ रंगात आला की असतो तसा भाव होता. मी हाक मारली. खांद्याला हात लावला. ते गेले होते.

त्यांच्या अगदी चिकटून एक लहानशी कोरडी जागा होती. पोरगी बसेल एवढी. मी पाहत असताना बाजूचं पाणी हळूहळू आत सरकलं आणि ती बुजली. मग पलीकडची. मग पुढची. बाबांच्या खालची फरशी तेवढी कोरडी राहिली.

मी दार ढकललं. बाहेरून कडी होती.

गोविंदानं येऊन उघडली तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. "बाबाजी आत गेलेले मले मालूम नव्हतं, म्याडम. दार उघडं दिसलं, अन् हात आपसूक गेला. पयलेपासूनची सवय हाय." तो रडत होता. माझ्याच्यानं त्याला शिवी देववली नाही.

शंकरराव धावत आले. आधी त्यांनी गल्लीच्या दोन्ही तोंडांकडे पाहिलं, कोणी पाहुणा तर नाही ना. मग माझ्यापाशी येऊन हळू आवाजात बोलले. वाईट झालं, फार वाईट झालं, असं म्हणाले. डॉक्टर ओळखीचे आहेत म्हणाले.

"दवाखान्यात नेताना वाटेत गेले, असंच सांगू आपण. तुमच्या दुःखात उगाच चर्चा नको. महोत्सवाचा पहिलाच प्रयोग आहे."

आणि तसंच झालं. मी अंगात जीव नसल्यासारखी गाडीत बसले होते, सहीसाठी कोणी कागद पुढे केला, मी केली. बाबा वाटेत गेले. नर्मदामध्ये आजवर कोणीच दगावलं नाही.

९

बाबांचा जलदानविधी झाला, पाहुणे गेले, शाळा सुरू झाली. एका रविवारी दुपारी मी शेजारच्या मेकॅनिककडून पेचकस मागून घेतला आणि मागच्या गल्लीत गेले. बाबांनी एकच काम सांगितलं होतं.

जुनी कडी नव्हती. शंकररावांनी माझ्याआधीच काढून घेतली होती. ती आता पुढच्या दालनात काचेच्या पेटीत आहे, नटीच्या गोष्टीच्या शेजारी. दाराला नवी कडी होती. स्टीलची, चकचकीत, हातभर लांब. बाहेरूनच. तिला हे एवढं कुलूप.

मी तशीच उभी राहिले. गल्ली सुनसान होती, नळ ठिबकत होता. पुढून शंकररावांचा आवाज येत होता, कोण्या पाहुण्यांना थिएटर दाखवत होते. चाळ, जिना, विष. पाहुणे चुकचुकत होते.

आत कोणीतरी घसा खाकरला.

वारा असेल. कबुतर असेल. कारणं शोधायला मी निवृत्ती सरांकडूनच शिकले आहे.

परत खाकरलं, आणि या वेळी दार ठोठावल्यासारखं. ती दुसरी खाकर मी जन्मभर ऐकली आहे. तिच्यानंतर बोलणं यायचं. मी कान दाराला लावला. बोलणं आलं नाही. फक्त आत पुष्कळ माणसं एकमेकांना सरकून जागा देताना होतो तसा आवाज झाला, आणि एक पोर खुदकन हसलं.

"बाबा," मी म्हटलं. "थांबा. मी आहे बाहेर."

माझा हात कडीला पुरत होता. कुलूप हातात होतं. किल्ली पुढे, शंकररावांच्या खिशात, आणि ती मागितली तर चहा मिळाला असता.

खामगावच्या गल्लीत दगडांना तोटा नाही. मी पेचकस खाली टाकला आणि त्यातल्या त्यात मोठा दगड उचलला.